शंभर गोळ्यांची बाटली

आत्या उठत नाहीत, हे मला डॉक्टरांच्या आधी घड्याळानं सांगितलं. ऑपरेशन सव्वा वाजता संपलं होतं. सर्जन बाहेर येऊन सांगून गेले की पित्ताची पिशवी काढली, आत पू झाला होता पण फुटली नव्हती, वेळेत आणलंत. त्यांच्या मागून भुलीच्या मॅडम आल्या. "गॅस बंद केलाय. पंधरा-वीस मिनिटांत डोळे उघडतील," म्हणाल्या. मी शाळेत शिकवते, पस्तीस मिनिटांचा तास माझ्या अंगात मुरलाय. वीस मिनिटं झाली, एक तास झाला, दुसरा संपत आला. आतून कुणी बोलवेना आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, सासऱ्यांना मामा. आम्ही परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेचे. मामा रेल्वेतून रिटायर झालेले, नवरा रेल्वेतच टेक्निशियन आणि मी जवळच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. विज्ञानाचं मुद्दाम सांगते. पुढं जे लिहायचंय ते एखाद्या न शिकलेल्या बाईनं केलं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. मला ती सवलत नाही.

गोष्ट सुरू होते ती मला बघायला आले तेव्हापासून. माझं माहेर चारठाण्याकडचं. चहा-पोहे झाल्यावर मामांनी आडवळण न घेता आईला विचारलं, "पोरीला काई बिमारी-गिमारी?" आईनं पदर सावरला आणि म्हणाली, "न्हाई वो. आजवर सुई बी टोचली न्हाई." मी पोह्यांच्या बशीकडं बघत राहिले. मला बारावीपासून थायरॉईड आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बस, एवढाच तो आजार. पण त्या एवढ्याशा गोळीपायी त्याआधी दोन स्थळं परत गेली होती. एका घरच्या बाईनं तर तोंडावर सांगितलं होतं की थायरॉईडच्या पोरीला लेकरू होत नाही.

लग्न होऊन घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात बघते तर काय, स्वयंपाकघरातल्या फळीवर माझ्याच गोळ्यांची बाटली. तीच कंपनी, तीच ताकद. आत्यांना साखर तर होतीच, थायरॉईडही होता. मला हसावं की रडावं कळेना. वाटलं, चला, यांना सांगून टाकू, यांना तरी समजेल. त्याच संध्याकाळी मामा ओट्यावर बसून कुणा पाहुण्याच्या सुनेबद्दल बोलत होते. "थायरॉईड लपवून गळ्यात मारली राव. सरळ सरळ धोका हाय हा." आत्या शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. सोलतच राहिल्या. सासूचा थायरॉईड म्हणजे वय आणि सुनेचा थायरॉईड म्हणजे धोका, हे मला त्या दिवशी समजलं आणि मी गप्प बसायचं ठरवलं.

सात-आठ महिने माहेरून आणलेली बाटली मी बांगड्यांच्या डब्यात लपवून वापरली. ती संपली तेव्हा शाळेच्या परीक्षा चालू होत्या, माहेरी जाणं जमेना. पूर्णेतल्या मेडिकलवाल्याची आणि नवऱ्याची लंगोटीपासूनची दोस्ती. तिथं जाऊन गोळी मागणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. म्हणून एके दिवशी आत्यांच्या बाटलीतली एक घेतली. आपली आणली की परत ठेवू, असं म्हणून घेतली. दुसऱ्या दिवशीही तसंच म्हणून घेतली. ट्रेनिंगच्या निमित्तानं मी महिन्यातून एकदा परभणीला जातच होते, तिथल्या कुठल्याही दुकानात मला कुणी ओळखत नव्हतं. आणता आली असती. आणली नाही. समोर बाटली होती, हात पोचत होता. कारण एवढंच, आणि आता ते लिहिताना मला माझी चीड येते.

दर रविवारी आम्ही बुद्धविहारात जायचो. वंदनेत न दिलेलं घेणार नाही म्हणायचं, खोटं बोलणार नाही म्हणायचं. आत्या माझ्या शेजारी बसून खड्या आवाजात म्हणायच्या, मी ओठ हलवायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खरंच. पण खवखव वंदना संपेपर्यंतच टिकायची, सोमवारी पहाटे हात पुन्हा फळीवर.

इथं मामांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ते पेनानं तारीख टाकतात. गॅसचं सिलिंडर, टूथपेस्ट, डासांच्या अगरबत्तीचा पुडा, सगळ्यावर. रेल्वेतली सवय असेल. शंभर गोळ्यांची बाटली शंभर दिवस गेली पाहिजे, असा त्यांचा नियम. मी हात घातला ती बाटली वेळेच्या पुष्कळ आधी संपली तेव्हा ते आत्यांवर तडकले. "दोन-दोन खायलीस का काय?" आत्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांडल्या मोरीत. हात वला व्हता." मी बाजूलाच कणीक मळत होते. सुटले, असं वाटलं. यांच्या हातून खरंच सांडल्या असतील, माझं नशीब चांगलं. त्यानंतर त्या बाटलीवरून घरात कधी वाद झाला नाही, म्हणून मीही तो विषय डोक्यातून काढून टाकला.

आत्यांचं आणि माझं फार गूळपीठ होतं असं कुणी समजू नये. त्यांना माझा चहा पाणचट वाटायचा, मला त्यांचं बोलणं तिखट. "काय मास्तरीनबाई, पुस्तकात भाजी कशी करावी ते न्हाई का लिव्हलेलं?" असं त्या चारचौघींत विचारायच्या. मला वाटायचं, या बाईला मी आवडत नाही. मीही त्यांच्याकडं नीट बघत नव्हते.

नीट बघितलं असतं तर दिसलं असतं. त्या वर्षभरात त्यांचा चेहरा सुजल्यासारखा झाला. आवाज जाड झाला. एप्रिलमध्ये, परभणीचं ऊन अंगाची साल काढत असताना, त्या शाल घेऊन बसायच्या. बोलता बोलता डुलकी लागायची. आम्ही सगळं साखरेवर ढकललं. आमच्याकडं साखर हा घरमालक आणि बाकीचे आजार त्याचे भाडेकरू. साखरेच्या गोळ्या आत्या कधी चुकवत नसत, दर महिन्याला तपासणी करायच्या. थायरॉईडची तपासणी मात्र कुणाच्या ध्यानात राहिली नव्हती. शेजारणीनं एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "थायरॉईडनं कोनी मेलेलं ऐकलंय का? मानूस मरतंय ते शुगरनं."

त्या दिवशी पहाटेपासून त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. उजव्या बरगडीखाली हात लावू देईनात. अंथरुणातून उठता येत नव्हतं, मी बादली धरून बसले होते. मध्येच तोंड धुवायला गेले, फळीवरची बाटली उघडली, माझी गोळी घेतली आणि पुन्हा बादली धरायला आले. सवय किती निर्लज्ज असते बघा. नांदेडला न्यायचं की परभणीला, यावर बापलेकांची थोडी हुज्जत झाली, मग ओळखीच्या माणसाची जीप मिळाली आणि आम्ही परभणीला आलो. निघताना मामांनी आत्यांची सगळी औषधं एका पिशवीत भरून घेतली.

सोनोग्राफी झाली. लगेच ऑपरेशन, म्हणाले. भुलीच्या मॅडम माझ्याच वयाच्या असतील. हळू आवाजात, पण एकेक गोष्ट खोदून विचारत होत्या. साखर किती वर्षं, कोणत्या गोळ्या, दम लागतो का. थायरॉईडचं विचारलं तेव्हा मामा ताठ बसले. "एक दिस खाडा न्हाई मॅडम. बाटलीवर तारीख टाकतो मी." मॅडमनी आत्यांना विचारलं, "घेता ना रोज?" आत्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. मॅडम त्यांचा हात हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. "ताप आहे आणि हात गार आहेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. शेवटचा थायरॉईडचा रिपोर्ट दीड वर्षापूर्वीचा निघाला. त्यांनी रक्त काढून बाहेरच्या लॅबला पाठवलं, पण तो रिपोर्ट यायला संध्याकाळ होणार होती आणि पिशवी तोवर थांबणार नव्हती. सर्जन आणि त्या कोपऱ्यात जाऊन बोलले. मग आत्यांना आत नेलं.

तीन वाजता मॅडम बाहेर आल्या. "साखर ठीक आहे. पण अंग गार पडलंय, नाडी मंद आहे आणि श्वास स्वतःचा पुरेसा येत नाही. नळी अजून काढलेली नाही. गॅस फुफ्फुसावाटे आत जातो आणि तिथूनच बाहेर पडतो. श्वास असा मंद असला की तो निघायला उशीर लागतो. पण इतका उशीर लागायला नको होता."

नवरा एकदम उठला. "गॅस जास्त सोडला तुमी!"

तो एरवी शांत माणूस. पण आई आत पडलेली आणि बाहेर काहीच हातात नाही, मग माणूस आवाजच चढवतो. मी त्याला खाली बसवलं. आणि मग मी जे केलं ते सांगताना आजही माझे कान तापतात. मॅडमनी सकाळी थायरॉईड हा शब्द काढल्यापासून तो माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी स्वतःला समजावत होते, आत्या त्यांची गोळी घेतात, मी माझी घेते, दोघींचं नीट चाललंय, आपला काय संबंध. तरी मोबाईल काढला आणि शोधू लागले. गॅसची भूल, थायरॉईड, साखरेचे रुग्ण. आणि सापडलं की! भुलीच्या गॅसनं थायरॉईडचे आकडे बदलतात, साखरेच्या रुग्णांत तर हे जास्त बघायला हवं, असं काहीबाही लिहिलेलं होतं. मला केवढा आधार वाटला त्या चार ओळींचा. मी मोबाईल नवऱ्यापुढं धरला आणि म्हणाले, "हे बघा. गॅसनं होतं असं. लिहिलंय." मी, विज्ञानाची शिक्षिका, माझ्या नवऱ्याच्या हातात दगड देत होते.

पाचच्या सुमारास मॅडम पुन्हा बाहेर आल्या, हातात कागद होता. नवऱ्यानं तोंड उघडायच्या आत त्यांनी तो मामांसमोर धरला. "काका, हा थायरॉईडचा आकडा पाचच्या आतबाहेर हवा, थायरॉईड कमी पडला की तो वाढतो. यांचा शंभराच्या वर आहे. मशीननं पुढं मोजणंच सोडून दिलंय."

"गॅसनं होतं ते," नवरा म्हणाला. "आमच्या घरात बी शिकलेले लोक हायत. तुमाला काय वाटलं?" आणि माझ्याकडं हात केला.

मॅडम माझ्याकडं वळल्या. रागावल्या नाहीत, तेच मला जड गेलं. "तुम्ही वाचलं ते खोटं नाही," त्या म्हणाल्या. "गॅसनं आणि ऑपरेशनच्या ताणानं थायरॉईडचे आकडे हलतात. साखरेच्या पेशंटची घडी आधीच विस्कटलेली असते, त्यामुळं ते जागेवर यायला कधीकधी वेळही लागतो. पण ते हलणं थोडं असतं, चार दिवसांचं असतं. आणि हे रक्त मी भूल द्यायच्या आधी घेतलंय. तेव्हा गॅसचा वाससुद्धा आत गेला नव्हता."

मामांनी कागद हातात घेऊन वरची तारीख आणि वेळ बघितली.

"हा गोळी खाणाऱ्या बाईचा आकडा नाही," मॅडम म्हणाल्या. "कित्येक महिने गोळी बंद असेल तर असा येतो. थायरॉईड म्हणजे अंगातला जाळ. यांच्या चुलीत जाळच नव्हता आणि मी वरून भूल दिली. मला खरं सांगा, गोळी चालू होती का?"

मामांचा चेहरा लाल झाला. त्यांच्यावर आयुष्यात कुणी खाड्याचा आरोप केला नसेल. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, लेबलावरची तारीख मॅडमना दाखवली. मग खिशातला रुमाल बाकावर पसरला आणि बाटली त्यावर पालथी केली. "उघडली त्याला आज बावीस दिस. अठ्ठ्याहत्तर पायजेत." बोटानं एकेक गोळी बाजूला सारत ते मोजू लागले. दवाखान्याच्या त्या बोळात माणसं थांबून बघत होती. मी उभी होते. नवराही मनात मोजत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते.

"अठ्ठ्याहत्तर," मामा म्हणाले. "बघा. एक कमी न्हाई का एक जास्त न्हाई. बावीस दिसात बावीस."

बावीस दिवसांत बावीस गोळ्या मी खाल्ल्या होत्या. मीच. मग आत्यांनी किती? पाचवीतलं पोर ही वजाबाकी करेल. दोघी खात असू तर चव्वेचाळीस जायला हव्यात. दोघी खात असू तर बाटली पन्नास दिवसांत संपायला हवी. आणि ती तर त्या मोरीच्या प्रकरणानंतर एकदाही वेळेआधी संपली नव्हती. सव्वा वर्ष माझ्या डोळ्यांसमोर फळीवर हे गणित मांडून ठेवलेलं होतं आणि मी रोज त्यातूनच एक गोळी उचलत होते.

मी तेव्हाच बोलले, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी बोलले नाही.

मॅडम गोळ्यांकडं बघत होत्या. त्याही गोंधळल्या. "गोळ्या घेऊन जर हा आकडा असेल तर दुसरं काहीतरी शोधावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि तोवर मी मोठा डोस देऊ शकत नाही. इतक्या वर्षांची साखर आहे, हृदयावर ताण आला तर सावरता यायचं नाही. गोळ्या बंद होत्या असं असेल तर वाट सरळ आहे, आत्ता सुरू करते. मला आत्ताच ठरवायचंय, काका."

"बंद नव्हत्या," मामा म्हणाले. "मी मोजून दाखवलं."

"म्हंजे गॅसच की!" नवरा.

मॅडम आत जायला वळल्या आणि थांबल्या. "काका, आजची धरून बावीस ना?"

"व्हय."

"आज पहाटेपासून तर त्यांना उलट्या होत्या. अंथरुणातून उठल्याच नाहीत, तुम्हीच सांगितलं. मग आजची गोळी कुणी घेतली?"

मामांचं बोट रुमालावर तसंच राहिलं. ते नवऱ्याकडं बघू लागले, नवरा त्यांच्याकडं. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. त्यांच्या डोक्यात ते येऊच शकत नव्हतं.

"मी," मी म्हणाले. "आजची मी घेतली. सगळ्या मीच घेतल्यात. मला थायरॉईड आहे. आत्यांनी एकही घेतलेली नाही."

"किती दिवसांपासून?"

"सव्वा वर्ष."

मॅडम पळत आत गेल्या. दार त्यांच्यामागं हलत राहिलं.

"कोन्त्या गोळ्या? कामून?" नवरा मला विचारत होता. त्याला खरंच कळलं नव्हतं. मामा रुमालावरच्या गोळ्या एकेक करून बाटलीत भरायला लागले, पण गोळ्या बाटलीच्या तोंडावर आपटून खाली पडत होत्या. मी वाकून उचलू लागले तर त्यांनी मला हातानं थांबवलं. मग, कुणालाच उद्देशून नाही, ते म्हणाले, "रोज पहाटं मला बाटली वाजलेली ऐकू यायली व्हती. झाकण उघडायचा आवाज, गोळ्या वाजायचा आवाज. मंग ती करायली काय व्हती?"

पहाटे पाचला उठायचं, बाटली काढायची, झाकण उघडायचं, नवऱ्याच्या कानावर पडेल इतपत हलवायची आणि एकही गोळी न घेता परत ठेवायची. मग अर्ध्या तासानं सून उठणार. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. तिला मी आवडत नाही असं समजून ज्या बाईशी मी दोन वर्षं तुटक वागले, तिनं माझी चोरी मला कळू न देता झाकून ठेवली होती. आणि झाकण्यासाठी जे द्यावं लागलं ते आत नळीवर श्वास घेत पडलं होतं.

गोळ्या कुटून नाकातल्या नळीतून द्यायला सुरुवात झाली. सोबत आणखी इंजेक्शनं. अंगावर पांघरुणं घालून त्यांना ऊब दिली. मॅडम म्हणाल्या, अशी माणसं कधी उठतात, कधी उठत नाहीत, मी शब्द देत नाही. तीन दिवस मी त्या बाकावर बसून होते. माझी गोळी परभणीतल्याच दुकानातून आणून खाल्ली. दुकान दवाखान्याच्या दारातच होतं, चिठ्ठी दाखवून घ्यायला दोन मिनिटं लागली. दोन मिनिटांचं काम होतं ते, सव्वा वर्ष न केलेलं.

त्या तीन दिवसांत नवऱ्यानं मला एकच विचारलं. "मला सांगितलं असतं तर?" मी म्हणाले, "तुम्ही मामांना सांगितलं असतंत." त्यानं नाही म्हटलं नाही. मामा माझ्याशी बोलत नव्हते, पण दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या शेजारी येऊन बसले आणि समोर बघत म्हणाले, "तुझ्या मायनं मला खोटं सांगितलं." मी हो म्हणाले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मी इचारलं बी तसंच व्हतं म्हना." एवढंच बोलून चहा आणायला गेले. मला न विचारता दोन कप आणले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं हाक मारली. आत्यांनी डोळे उघडले होते. मला ओळखलं की नाही कळलं नाही, पण नजर माझ्यामागं फिरली. मॅडमनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "आज गरम आहे." मी तिथंच फरशीवर बसून रडले. नर्स मला उठा उठा म्हणत होती.

आत्या साध्या वॉर्डात आल्या तेव्हा बोलता यायला लागलं होतं, आवाज फाटलेला. मामा आणि नवरा जेवायला गेले होते. मी चमच्यानं पेज भरवत होते.

"आत्या, तुम्हाला माहीत होतं."

"व्हतं की."

"कधीपासून?"

"तवाच, पहिल्या बाटलीला. मोरीत तोंड धुताना वरच्या फळीला हात घालायचीस. मला काय डोळे न्हाईत?" त्यांनी चमचा बाजूला सारला. "पेज लय पानचट केलीस."

"मग तुमची गोळी का बंद केली?"

"दोघी खाल्लं तर पन्नास दिसात बाटली रिकामी. तुझ्या मामाला काय सांगू? पुन्हा सांडल्या म्हनू? किती बार सांडतेत गोळ्या?" त्यांना दम लागला, थोडं थांबल्या. "आन् मला काय आता लेकरं व्हायची हायती? तुझं वय हाय. तुला गोळी पायजे, पोरी. मला वाटलं, माझी शुगरची गोळी चालू हाय, बास झालं. मला काय म्हाईत थायरॉईडनं बी मानूस असं झोपतंय."

चमच्यातली पेज चादरीवर सांडली. मला त्यांचा रागही आला. आपल्याला कुणी इतकं दिलं की आधी रागच येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. "मला एकदा विचारायचं तरी," मी जवळजवळ ओरडलेच. "एकदा. दोघींनी मिळून काहीतरी केलं असतं. मेला असतात तुम्ही."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं.

"इचारलं असतं तर न्हाई म्हनली असतीस," त्या म्हणाल्या. "आन् एकदा न्हाई म्हनल्यावर मंग त्या बाटलीला तुला हात लावता आला असता का? गोळी खाल्ली असतीस कुठून?"

नाही आत्या, मी खरं सांगितलं असतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. त्या वाट बघत होत्या. शब्द निघाला नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी त्यांच्या तोंडाकडं बघून नाही म्हणाले असते, आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.